कलेक्टरच्या शिंगावरचा आकडा

१

बोरखडीचा कलेक्टर कुणीतरी बदलला, ही गोष्ट पहिल्यांदा खरवंडीकर साहेबांच्या लक्षात आली, आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

कलेक्टर म्हणजे आमच्या गावचा सरकारी वळू. जिल्हा परिषदेच्या योजनेतून मागच्या दिवाळीत आलेला पांढराशुभ्र खिल्लार. काम काही नाही, खाणं भरपूर, आणि समोरून आला की सगळ्यांनी बाजूला व्हायचं. गावाने त्याचं नाव ठेवायला अर्धा दिवससुद्धा लावला नाही. मी तेव्हा बोरखडीचा ग्रामसेवक होतो, म्हणून योजनेचे सगळे कागद माझ्याकडे. कागद मला मनापासून आवडायचे. जनावरांची मात्र भीती वाटायची.

एकाहत्तर सालचा भाद्रपद. पशुसंवर्धनाचे खरवंडीकर साहेब तालुक्याहून वार्षिक तपासणीला आले. राहीबाईच्या गोठ्यापुढे उभं राहून त्यांनी रजिस्टर उघडलं, वळूकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टरकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊसाहेब, उजव्या शिंगावर डागलेला क्रमांक सत्तेचाळीस. कुठे आहे?"

मी लांबूनच मान उंचावून पाहिलं. दोन्ही शिंगं कोरी. चिखल लागलेला, पण आकड्याचा मागमूस नाही.

"सरकारी वळू विकला आणि त्याच्यासारखा दुसरा आणून बांधला. सरळ आहे," साहेब म्हणाले. "कायदा तुम्हाला ठाऊक आहे ना?"

ठाऊक होता, तोच तर घोळ होता. पशुधन सुधारणेचा कायदा सांगतो की चांगली अवलाद वाढायची तर वाईट अवलाद थांबली पाहिजे, म्हणून परवाना नसलेला वळू खच्ची करावा. आणि ज्या वळूवर क्रमांक नाही, त्याला परवाना कसला? शिवाय करारनामा मोडला म्हणून राहीबाईवर खटला, आणि पुढे कुठल्याही सरकारी योजनेतून तिचं नाव कायमचं बाद.

"सोमवारी खच्चीचा चिमटा घेऊन येतो," साहेब म्हणाले. "तोवर आकड्याची बाब गोपनीय ठेवा. गुन्हेगार सावध होता कामा नये."

साहेब गेले. राहीबाई गोठ्याच्या दारात उभी होती. तिचा नवरा गोरक्ष चैत्रात वारला. वळू त्याने हौसेने मागून आणलेला, करारावर अंगठाही त्याचाच. त्याच्यामागे तीन एकर जमीन, म्हातारी सासू आणि हा कलेक्टर एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

"काय म्हनले सायेब?" तिने विचारलं.

"वळू बदलला म्हणतात," मी कसंबसं बोललो.

राहीबाई वळूकडे वळून म्हणाली, "आरं, तुला वळखीना का काय सरकार?"

२

गावात कमरुद्दीनचाचा नसते तर मी त्या सोमवारी रजा टाकली असती.

चाचांनी तीस वर्षं भिंगारला लष्कराच्या गोठ्यावर काढली होती. हजारभर जनावरांची नोंदवही त्यांच्या हाताखाली. निवृत्त होऊन ते आता बहिणीकडे, शरिफाबाईंकडे राहायला आले होते. दिवसभर ओट्यावर बसून बशीतून चहा प्यायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक म्हशीचं वय सांगायचं, एवढाच त्यांचा उद्योग. मी गोपनीयतेचा भंग करून त्यांना सगळं सांगितलं. अर्थात दबक्या आवाजात.

चाचा हसले. "भाऊसाहेब, गावाला काय म्हायती हाय?"

"वळू बदलला, एवढंच. आकड्याचं कुणाला बोललो नाही."

"बरं केलं का वाईट केलं, ते मागनं बघू. चला."

गोठ्यात गेल्यावर चाचांनी आधी वळूशी गप्पा मारल्या. मग त्याला वैरणीत गुंतवून, दाव्याला दोघांना धरायला लावून, ओल्या फडक्याने शिंगं बुडापासून टोकापर्यंत पुसली. कलेक्टर साहेब तेवढ्यातही दोनदा फुसकारले. मी दाराबाहेर होतो.

"गुळगुळीत हायेत," चाचा म्हणाले. "काचंवानी. राही, शिंगं कुनी साळली गं?"

बैलांची शिंगं पोळ्याला साळतात. धारेच्या चाकूने नाहीतर काचेच्या तुकड्याने वरचा खरबरीत थर काढायचा, मग हिंगुळाचा लाल रंग लावायचा, चमकती बेगड चिकटवायची. चाचांचा प्रश्न ऐकून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आकडा साळण्यात गेला! संपली भानगड!

पण राहीबाईने मान हलवली. "आमच्यात यंदा पोळा न्हाई केला चाचा. वरीस हुईस्तवर सनवार न्हाईत. अन् मला गावातल्या बैलांची वाजंत्री ऐकवनार न्हाई म्हनून मी दोन दिस आधीच माहेरी नेवाशाला गेल्ते. घरात एकल्या आत्याबाई."

"आल्यावर शिंगं बघितली न्हाईस?"

"शिंगाकडं कशाला बघू? शिंगं इकडं वळली का मी तिकडं!"

तिच्या सासूबाई, म्हणजे बनुबाई, उन्हात बसल्या होत्या. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण कान शाबूत. चाचा त्यांच्याजवळ उकिडवे बसले.

"बनुबाई, पोळ्याला गोठ्यात कोन आल्तं?"

"कोन येतंय? सनाला कुनी आमच्या दारात आलं न्हाई. म्या लांबनंच वैरन टाकली. त्ये येडं दिसभर खुट्याला शिंगं घाशीत हुतं, खर्रर खर्रर. त्याला बी सनाची याद येत आसंल."

चाचांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. मला त्या पाहण्यातलं काही कळलं नाही. घासून घासून एखादा आकडा जातो का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "भाऊसाहेब, एक शिंग घासून जाईल. दोनी शिंगं बुडापास्नं शेंड्यापतूर सारखी घासणारा बैल मी तीस वर्सांत बघितला न्हाई."

३

"आता संशयित," मी म्हणालो. हा शब्द वापरायची संधी नोकरीत पहिल्यांदाच आली होती.

पहिला संशयित मच्छिंद्र, राहीबाईचा बांधाला बांध लागलेला शेजारी. बांधावर एक आंबा होता. झाड कुणाचं, यावरून गोरक्ष आणि मच्छिंद्र यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. गोरक्ष गेला, तरी मच्छिंद्र आणि राहीबाईचा अबोला तसाच चालू राहिला. आणि माझ्या फायलीत मच्छिंद्रचा अर्ज पडून होता: पुढचा सरकारी वळू मला मिळावा. राहीबाई बाद झाली की पुढचा नंबर त्याचाच.

आम्ही गेलो तेव्हा तो बाजरीत उभा राहून पाखरं हाकत होता. उंच, रखरखीत माणूस. बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"वळूचं मला काय ठावं? दोन सालं झाली, त्या बांधाच्या पल्याड पाय टाकला न्हाई."

"पन वळू बदलला म्हनतेत," चाचा म्हणाले.

"कोन म्हनतंय?" मच्छिंद्रचा आवाज चढला. "आंधळं हाय का काय त्ये? त्योच हाय वळू! गोरक्षानं आनलेला!"

त्याचा आवाज पलीकडे गेला असावा. बांधाच्या पल्याड मोकळ्यावर बांधलेला कलेक्टर दावं ताणून थेट बांधाशी आला, आणि मान खाली घालून उभा राहिला. मी चार पावलं मागे सरलो. हा आता मारणार, अशी माझी खात्री होती.

"वैऱ्याच्या वळूसाठी लई तळमळ," परतताना मी म्हणालो. "संशयास्पद आहे."

"हाय खरं," चाचा म्हणाले.

दुसरा संशयित छगन दलाल. जनावरांचे व्यवहार जुळवणारा, तोंडाने गोड, आणि कुठल्याही प्रश्नाला आधी "मालक" म्हणून सुरुवात करणारा. पोळा झाल्यावरच्या पहिल्याच बाजारात त्याने घोडेगावला एक पांढरा खिल्लार वळू विकल्याचं तिघांनी पाहिलं होतं.

"मालक, इकला की! त्यात चोरी कसली? ही घ्या बाजाराची पावती," असं म्हणून छगनने खिशातून घडी पडलेला कागद काढला.

मी वाचला. *पांढरा खिल्लार वळू. उजव्या शिंगावर डाग.*

"चाचा!" मी ओरडलोच. "सापडला! हाच तो! पुढे कुणाला विकला?"

"बीडच्या मानसाला," छगन म्हणाला. त्याचं गोड तोंड आता उतरलं होतं. "मालक, डाग म्हंजी रोगावर दिलेला डाग हुता वो! आईची आन!"

मी मनातल्या मनात पंचनामा लिहायला घेतला होता. पण चाचांनी पावती माझ्या हातून घेतली, पूर्ण वाचली आणि छगनला परत दिली.

"जा छगन, चहा पी."

"चाचा, अहो काय करताय!"

"भाऊसाहेब, तुमी डागापतूरच वाचलं. फुडं लिवलंय, दात जुळलेला. म्हंजी आठी दात आलेला, पोक्त. आपला कलेक्टर दिवाळीत आला तवा तुमच्या रजिस्टरात काय हाय?"

मी फाईल उघडली. *चार दाती.*

"चार दाताचा गडी दहा म्हैन्यांत जुळत न्हाई. सरकारी असला तरी."

म्हणजे शनिवार-रविवार संपले, संशयित संपले, आणि माझ्याकडे उरला फक्त सोमवार. चाचा मात्र ओट्यावर बसून खुशीत दाढी खाजवत होते.

"मला कळलं," ते म्हणाले. "पन सांगायचं सायबाम्होरं. तुमच्या एकट्याम्होरं सांगितलं तर तुमी ते गोपनीय ठिवाल."

४

सोमवारी साहेब आले. त्यांच्याबरोबर एक मदतनीस, आणि मदतनिसाच्या हातात तो भलामोठा लोखंडी चिमटा. तो बघून गावातले बाप्येसुद्धा पाय जुळवून उभे राहिले. राहीबाई वळूच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली होती. ज्या शिंगांना ती घाबरायची, त्यांच्याच मधोमध.

"सायेब, मला तुरुंगात टाका. पन ह्याला हात लावू नका. ह्यानं काय केलंय?"

"बाई, कायद्यापुढे माझा इलाज नाही," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

"सायेब, चिमटा घडीभर ठिवा," चाचा पुढे झाले. "मला दोन गोष्टी बोलू द्या. भाऊसाहेब, गावाला सांगा आधी, सायेब बैल बदलला असं का म्हनतेत ते."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नाइलाजाने मान डोलवली. मी सांगितलं: उजव्या शिंगावर सत्तेचाळीसचा आकडा डागलेला होता, तो आता नाही. गर्दीत कुजबुज उठली. मागे कुणाच्या तरी हातून विळा पडला.

"आता बघा," चाचा म्हणाले. "ही शिंगं साळल्याली हायेत. घासल्याली न्हाईत, साळल्याली. दिसभर खर्रर खर्रर ऐकलंय बनुबाईनं, पोळ्याच्या दिशी. तर सायेब म्हनतील, बदली आनलेला बैल बी पोळ्याला साळलेला आसंल. कबूल. पन पोळा हुऊन म्हैना झालाय. ह्या उभ्या जिल्ह्यात कुठला बी साळलेला बैल दाखवा अन् त्याच्या शिंगाचं बूड बघा. फटीत हिंगूळ ऱ्हातो. धुतला तरी जात न्हाई, दिवाळीपतूर ऱ्हातो. ह्याच्या शिंगाच्या बुडाला रंगाचा थेंब न्हाई. मी फडक्यानं पुसून बघितलं, फडकं नुसतं मातीनं भरलं."

साहेबांनी वाकून पाहिलं. खरंच नव्हता.

"शिंगं साळायची अन् रंग लावायचा न्हाई, असं कोन करील? ज्या दावनीला दुखवटा हाय, तिथंच. अन् पोळ्याला ह्या गावात दुखवट्याचं घर एकच. म्हंजी ही शिंगं ह्याच गोठ्यात साळली, अन् बैल ह्याच घरचा. बदलला न्हाई."

"पण साळली कुणी?" साहेबांना आता चिमट्याचा विसर पडला होता.

"ते सोपं हाय. भावकीतल्यानं साळली आसती तर त्याला बी दुखवटा, त्यो हात लावता ना. सोयऱ्यानं, मैतरानं साळली आसती तर राही माहेराहून आल्यावर दारात येऊन सांगितलं आसतं, का बाई, तुझ्या बैलाचं तेवढं करून ठिवलंय. चांगलं काम केल्यावर कोन गप ऱ्हातं? जो राहीशी बोलतच न्हाई, त्योच गप ऱ्हाईल. अन् ह्या मारक्या जनावरानं ज्याच्याम्होरं मान खाली घातली, असा मानूस मी अन् भाऊसाहेबांनी बघितलाय. भाऊसाहेबांना वाटलं मारतोय. त्यो खाजवून घ्यायला आल्ता."

सगळी गर्दी एकदम मागे वळली. मच्छिंद्र पडलेला विळा उचलत होता. त्याने तो उचलायला खूप वेळ घेतला.

"मला काय ठावं त्यो आकडा हाय," तो शेवटी म्हणाला. "वाटलं, कुनी तरी चटका दिलाय बिचाऱ्याला. म्हनून तेवढी जागा जरा जास्तच साळली."

५

हसू आधी कुठून सुटलं सांगता येत नाही, पण सगळ्यात शेवटी थांबलं ते माझं. तीन दिवस मी जी गोष्ट इमानेइतबारे लपवली, ती चावडीवर बोललो असतो तर पहिल्याच मिनिटाला सुटली असती.

खरवंडीकर साहेब मात्र हसत नव्हते. "तर्क ठीक आहे. पण मी वर काय कळवू? बुडाला रंग नाही म्हणून हाच सत्तेचाळीस? पुरावा पाहिजे."

चाचा मच्छिंद्रकडे वळले. "साळ कुठं टाकलास?"

"टाकीन कशाला? शिंगाचा साळ पायदळी घालू न्हाई. आंब्याच्या मुळाशी पुरायचा हुता. पन आंबा बांधावर, अन् बांधाचा वाद. म्हनून छपरात खोवून ठिवलाय."

तो जाऊन एक गाठोडं घेऊन आला. आत शिंगाचे पातळ, वळलेले पापुद्रे. चाचांनी राहीबाईकडून कढत पाणी मागितलं, पापुद्रे त्यात घातले. शिंग गरम पाण्यात मऊ पडतं, हे मला तेव्हा कळलं. वळलेले तुकडे हळूहळू उलगडले. चाचांनी त्यातले काळे डाग असलेले वेगळे काढले आणि परातीत एकाशेजारी एक मांडायला सुरुवात केली. अख्खं गाव परातीवर वाकलं. हा इकडं, न्हाई वो, त्यो उलटा करा, असं करता करता आधी साताचं वाटोळं पोट दिसलं, मग चाराची गाठ.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "सत्तेचाळीस," ते म्हणाले, आणि मदतनिसाला चिमटा जीपमध्ये ठेवायची खूण केली.

राहीबाई तिथेच मातीत बसली आणि वळूच्या पायाला मिठी मारून रडली.

पण कायदा अजून बाकी होता. करारातल्या पाचव्या अटीप्रमाणे क्रमांक शाबूत ठेवायचा होता, आणि तो तर परातीत पडलेला. इथे मात्र माझा उपयोग झाला. मी करार मोठ्याने वाचला: *वळूपालकाने क्रमांक खोडू नये.* वळूपालकाने खोडला नव्हता. शेजाऱ्याने खोडल्यास काय, याबद्दल करार गप्प होता. साहेबांना ते मनापासून पटलं. त्यांनी नवा क्रमांक डागण्यासाठी छापील फॉर्म काढला. त्यात एक जबाब लागायचा, लगतच्या खातेदाराचा. हा वळू मी ओळखतो, असा.

लगतचा खातेदार म्हणजे मच्छिंद्र. तो अंग चोरून पुढे आला.

"नाव, गाव, गट नंबर," मी विचारत गेलो, तो सांगत गेला. मग शेवटचा रकाना आला. *वळूची ओळख कशावरून पटते?*

मच्छिंद्र पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"रोज बघतो त्याला," तो म्हणाला. "दिस मावळायच्या टायमाला दोन पेंढ्या टाकतो बांधावरनं. गोरक्ष गेला त्या दिसापास्नं."

राहीबाईने डोळे पुसता पुसता वर पाहिलं.

"रोज?"

"व्हय."

"मला वाटायचं, मालक गेल्यापास्नं ह्यानं घास कमी केलाय," ती म्हणाली. "सांजच्याला गव्हानीत टाकलेलं तसंच ऱ्हायचं. मी म्हनायची, मुकं जनावर, ह्यानं बी घोर घेतलाय. रोज गोठ्याच्या दारात बसून रडायची मी."

"घोर बी आसंल वैनी," मच्छिंद्र चाचरत म्हणाला. "पन पोट भरल्यालं असायचं त्याचं."

दोन वर्षांत पहिल्यांदाच तो तिला वैनी म्हणाला होता. राहीबाई उठली, पदर खोचला.

"उद्यापास्नं बांधावरनं पेंढ्या टाकू नका," ती म्हणाली. मच्छिंद्रची मान खाली गेली. "आत या, अन् गव्हानीत टाका. कोन किती खातंय ते मला बी कळू द्या."

साहेबांनी मला विचारलं, रकान्यात काय लिहिलंत? मी लिहिलं होतं: *नित्य परिचयावरून.* मच्छिंद्रने त्याच्याखाली अंगठा उठवला, आणि गोठ्यात जाताना बांधावरून न जाता राहीबाईच्या दारातून गेला.